मिरचीच्या खोलीतलं थेटर

नंदुरबार
३० जून २०२४

प्रिय प्रिस्किला,

नमस्कार घे आणि हे पत्र बसून वाच. मी घरात सिनेमाचं थेटर बांधायला घेतलं आहे.

मागच्या अंगणातली खोली तुला आठवत असेल. हेमराजच्या लग्नाच्या वेळी बांधली होती. पोरगा नोकरीला पुण्याला गेला तो तिकडचाच झाला, आणि खोली गेली नथमल शेठच्या मिरचीला. दसऱ्याला त्यांची पोती आत येतात ती थेट उन्हाळ्यात बाहेर पडतात. पावसाळ्यात खोली रिकामी असते, तेव्हा मी तिच्या दारात उभी राहून नुसतं बघत असते. यंदा आत शिरले.

का, ते फक्त तुला सांगते. मी आजवर एकही सिनेमा सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसून पाहिलेला नाही. हसू नकोस. टीव्ही आहे बैठकीत, आणि बैठक आमच्या ह्यांची. एसटीत कंडक्टर होते तेव्हा गाडीभर माणसं त्यांची, आता गल्लीभर. नायिका जिना उतरायला लागली की दारात कोणीतरी चपला काढतंच. मी उठते, चहा टाकते, कपबशा देऊन परत येते तोवर त्या बाईला मूल झालेलं असतं. कोणापासून झालं तेही मला कळत नाही.

ह्यांचं ब्रीद तुला माहीत आहे. "मन्हा घरथून चहा पिवाना बिगर कोनी गया नही." अगदी खरं आहे. फक्त तो चहा करतं कोण, हे त्या वाक्यात कुठे येत नाही.

तर मला वेगळी खोली हवी. अंधारी हवी, म्हणजे भर दुपारी सिनेमा लागेल, कारण बायकांना वेळ मिळतो तो दुपारीच. आणि दार आतून लागणारी हवी. ह्यांना मी सांगितलं की दिवाळीला नातवंडं येतील, त्यांच्यासाठी करते. तर म्हणाले, "थेटर? या वयमा? मंग नथमलनी मिरची काय तुन्हा डोकावर ठेवसू?" दोन दिवस घरात धुसफूस चालली. शेवटी तह झाला. दसऱ्यापर्यंत खोली माझी. तोवर थेटर उभं करून ह्यांना आणि शेठना बसवून दाखवायचं. त्यांना पटलं तर खोली कायमची माझी, नाही पटलं तर मिरची आत.

तुझा भाचा विनोद सुरतेला लोकांच्या घरी हीच थेटरं बसवतो ना? त्याला विचारून कळव. इथल्या दुकानदाराने सांगितलेल्या आकड्यात अख्खं घर बांधून झालं असतं, तेव्हा मास्तरणीच्या पेन्शनीत बसेल असं काहीतरी सांग म्हणावं. आणि फोन करू नकोस. फोनवर तू "जेवलीस का, बीपीची गोळी घेतलीस का" याच्या पुढे कधी जात नाहीस.

तुझी,
शांती

चिंचपाडा
९ जुलै २०२४

प्रिय शांते,

सप्रेम सलाम. तुझं पत्र वाचताना मी इतकी हसले की सून चुलीपुढून उठून बघायला आली, सासूला काय झालं म्हणून. आपण एका खोलीत राहायचो, तू शाळेत आणि मी लसीकरणाच्या पेट्या घेऊन गावोगाव, तेव्हाही तुझं असंच होतं. मनात आलं की झालं.

विनोदला विचारलं. म्हणतो, मावशी, तुझ्या मैत्रिणीला सांग की पहिल्यांदा खोलीच्या मधोमध उभं राहून टाळी वाजवायची. टाळी घुमली तर ती खोली सिनेमाची नाही, विहिरीची आहे. रिकामी सिमेंटची खोली घुमणारच. त्यावर उपाय म्हणजे भिंतींना जाड, मऊ काहीतरी लावायचं. दुकानातली तयार पॅनेलं फार महाग पडतात, म्हणून लाकडाच्या किंवा बांबूच्या चौकटी करायच्या, आत घरातलं मऊ सामान भरायचं आणि वरून कापड ताणायचं. पडदा विकत घेऊ नकोस, समोरच्या भिंतीला पुट्टी मारून ती आरशासारखी गुळगुळीत कर आणि बिनचमकीचा पांढरा रंग दे. बाकीच्या भिंती आणि छत मात्र गडद. उजेडाचा एक कवडसा आत येता कामा नये. सुरतेत एक शिकवणीचा क्लास बंद पडला, त्यांचा चांगल्यापैकी प्रोजेक्टर तो तुला स्वस्तात मिळवून देतो आहे. पैसे त्यात आणि स्पीकरमध्ये घाल, बाकी डोकं चालव, असा त्याचा निरोप.

हे झालं विनोदचं. आता माझं ऐक. नातवंडांचं नाव कशाला पुढे केलंस? भाऊजींना खरं कारण सांग की. ते काय वाघ आहेत?

तुझी,
प्रिस्किला

नंदुरबार
४ ऑगस्ट २०२४

प्रिय प्रिस्किला,

खरं कारण सांगण्याचं तू काढूच नकोस. "सिनेमा पाहायचा आहे" असं म्हटलं तर ते म्हणतील, टीव्ही शे ना. चहाचं बोलले तर त्यांना वाटेल मी त्यांच्या माणसांवर रुसले. त्यापेक्षा नातवंडं बरी.

काम बघायला तू इथे हवी होतीस. टाळी वाजवली तर अशी घुमली की बाहेर कोंबड्या पळाल्या. मग मी जी कंबर कसली ती अजून सोडलेली नाही. पुट्टीची भिंत मी स्वतः काचकागदाने घासली. गवंडी म्हणाला पुरे झालं, मी म्हटलं पुरे कधी होतं ते मी ठरवीन, इतकी वर्षं पाट्या तपासल्यात. रंगारी पोरगा छताला काळा रंग द्यायला तयारच होईना. दारात उभा राहून हळूच विचारतो, "काकू, घरमा काही व्हयनं का?" म्हटलं सगळे जिवंत आहेत, तू ब्रश घे. भिंती गडद मरून आहेत. दार लावलं की दुपारी बारा वाजता हाताची बोटं दिसत नाहीत.

मोगराबाई रोज येते. ती मिरची वाळत घालतात त्या पथारीवर देठ खुडायला जाते, पण पावसाळ्यात पथारी बंद, हाताला काम नाही. चौकटी तिने केल्या, बांबूच्या कामट्यांच्या, इतक्या काटकोनात की माझ्या शाळेतली एकही खिडकी तशी नव्हती. मी तिची रोजची मजुरी देते, शिवाय पहिल्या रांगेतली जागा तिने आधीच सांगून ठेवली आहे.

आणि आता खुर्च्या. भंगारवाल्याकडे एसटीच्या मोडीत निघालेल्या गाडीच्या सीटा होत्या, त्या आणल्या. मागच्या रांगेसाठी विटांचा ओटा बांधला, म्हणजे पुढच्याचं डोकं आड येत नाही. हे दोन दिवस लांबूनच बघत होते. तिसऱ्या दिवशी पाना घेऊन आले आणि बोल्ट आवळायला बसले. "हाई तं आपली नवापूर गाडीनी सीट शे," म्हणाले, आणि ती त्यांनी दाराजवळच बसवली. म्हणजे निम्मा किल्ला पडला आहे.

भिंतींच्या भरावाला तर मी असं सामान शोधलं आहे की विनोदने सुरतेहून शिकायला यावं. जाडजूड, हवं तितकं आणि फुकट. काय ते आत्ता सांगत नाही, आल्यावर दाखवीन. गणपतीत उद्घाटन आहे. सकाळची पॅसेंजर पकड, नकार चालणार नाही.

तुझी,
शांती

चिंचपाडा
१४ ऑगस्ट २०२४

प्रिय शांते,

सप्रेम सलाम. पत्र मोठ्याने वाचून दाखवलं सगळ्यांना. काळ्या छताची गोष्ट तर आमच्या घरात रोज कोणी ना कोणी सांगतं. तुझा मला फार अभिमान वाटतो, हे तोंडावर सांगितलं असतं तर तू लगेच चढली असतीस म्हणून लिहून टाकते.

उद्घाटनाला मात्र येणं जमणार नाही. शेतात भाताची निंदणी आहे, माणसं मिळत नाहीत, घर माझ्यावर आहे. रागावू नकोस.

विनोद विचारतो की फुकटचा भराव म्हणजे नक्की काय? कळव.

तुझी,
प्रिस्किला

नंदुरबार
१० सप्टेंबर २०२४

प्रिय प्रिस्किला,

निंदणी म्हणे! रिटायर झालेली नर्स कधीपासून निंदायला लागली? बरं, नाही आलीस ते नाही आलीस. रविवारी उद्घाटन झालं.

खोली भरगच्च भरली होती. हे होते, नथमल शेठ होते, गल्लीतल्या बायका, दोन-चार पुरुष, सगळे. मी दार लावलं, पंखे सुरू केले आणि सिनेमा लावला. विनोदी सिनेमा मुद्दाम निवडला होता, म्हणजे शेठचा मूड चांगला राहावा. पडद्यावर चित्र असं आलं की बायकांच्या तोंडून एकदम "अग माय!" निघालं. टाळी वाजवून दाखवली, अजिबात घुमली नाही. विनोदने ज्याला वूफर म्हटलं होतं तो मोठा डबा धडधडला तेव्हा माझ्या छातीत धडधडलं.

परिणाम काय झाला म्हणून सांगू? एकाचेही डोळे कोरडे राहिले नाहीत. नथमल शेठ रुमालात तोंड लपवून बाहेर गेले. हे पण मध्येच उठले आणि अंगणात जाऊन उभे राहिले, कितीतरी वेळ बोलेनात. बायका पदराने डोळे पुसत होत्या. असं थेटर मोठ्या शहरातसुद्धा नसेल.

मी शेवटपर्यंत पाहिला का, असं विचारशील. नाही जमलं. इतक्या माणसांचं बघायचं होतं, पाणी द्यायचं होतं. पुढच्या वेळी बघेन. आज जास्त लिहीत नाही, हात जरा दुखतो आहे.

तुझी,
शांती

चिंचपाडा
१६ सप्टेंबर २०२४

शांते,

सप्रेम सलाम. मी जन्मभर वॉर्डात काम केलं आहे, तेव्हा मला असली पत्रं पाठवू नकोस.

सिनेमा विनोदी होता असं तूच लिहितेस, आणि सगळे रडले असंही तूच लिहितेस. रडून माणसं अंगणात पळत नाहीत. नथमल शेठसारखा माणूस, जो चार-चार महिने मिरचीच्या ढिगावर बसून भाव करतो, तो सिनेमा बघून रुमालात तोंड लपवणार? आणि तुझं अक्षर कधी नाही ते असं वाकडं का आलं? हात दुखत नाही, हाताची आग होते आहे. खरं सांग, भिंतीत काय भरलंस? शेठची मिरचीची पोती ना?

आधी हाताला खोबरेल तेल चोळ, मग साबणाने धू, मग पुन्हा तेल. नुसतं पाणी लावू नकोस, त्याने आग जात नाही.

मी खोटं बोलले ते पण सांगून टाकते. निंदणी वगैरे काही नव्हती. गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तू थेटर सोडून इथे येऊन बसली असतीस आणि दसरा हातचा गेला असता, म्हणून कळवलं नाही. आता काठी घेऊन चालते. प्रवासाला डॉक्टर नाताळपर्यंत नाही म्हणतात.

तुझी,
प्रिस्किला

नंदुरबार
२१ सप्टेंबर २०२४

प्रिय प्रिस्किला,

गुडघ्याचं लपवलंस याबद्दल मी तुझ्याशी भांडणार आहे, पण आज अंगात भांडायचं बळ नाही.

हो, शेठचीच पोती. त्यांच्या गोदामामागे फाटक्या पोत्यांचा ढीग पडून होता, घेऊन जा म्हणाले. आमच्या नंदुरबारच्या नाकांना मिरचीचा वास येतच नाही गं. मला नाही आला, मोगराबाईला नाही आला. नुसती झटकून घेतली आणि भरली. वूफर वाजला की भिंती थरथरतात हे मला काय माहीत? प्रत्येक धडधडीला पोत्यांतली भुकटी कापडातून गळून बाहेर यायची आणि वरून पंखा ती खोलीभर फिरवायचा. दार तर मी हौसेने आतून लावलेलं. अंधारात कडी सापडेना. माणसं शिंकत, खोकत, एकमेकांच्या पायांवर पाय देत बाहेर पडली. नथमल शेठ हसत हसत खोकत होते, "वहिनी, मिरचीनं पोतं भितमा भरानं ऱ्हास का कधी?" सगळी गल्ली हसली. अजून हसते आहे.

हे हसले नाहीत. त्यांनी शांतपणे सांगितलं, "त्या खोलीले मिरचीच आवडस. ऱ्हावू दे तिले." त्यांनी शेठना शब्द दिला आहे, दसऱ्याला टेम्पो येईल.

मी चौकटी उपसून अंगणात टाकल्या आणि खोली दोनदा पुसून घेतली. प्रोजेक्टर खोक्यात भरला आहे. विनोदला सांग, कोणाला हवा असेल तर देऊन टाक. काय एवढं, आजवर नाही पाहिला सिनेमा तर काय बिघडलं?

तुझी,
शांती

चिंचपाडा
२७ सप्टेंबर २०२४

प्रिय शांते,

सप्रेम सलाम. "काय बिघडलं" असं म्हणणाऱ्या बाया मी नोकरीत ढिगाने पाहिल्या. कुठे दुखतं विचारलं की "काही नाही," आणि घरचे लोक बिचारे काही नाही समजून बाहेर तंबाखू मळत बसलेले. त्यांच्यावर मी चिडायचे, आता तुझ्यावर चिडते आहे. पुतळ्यासारखी गप्प बसतेस आणि मग कोणाला कळलं नाही म्हणून कुढतेस. भाऊजींना काय माहीत आहे? नातवंडांची हौस होती, ती फसली, एवढंच. हौस फसली तर माणूस खोली परत मागणारच. त्यांच्या जागी मी असते तर मीही मागितली असती.

तर आता दोन गोष्टी कर. पहिली, चौकटी उचल. पोती नथमल शेठच्या अंगावर फेक आणि त्यांच्या जागी जुन्या सुती साड्या, लुगडी, धोतरं घड्या घालून ठासून भर. विनोद म्हणतो घड्यांवर घड्या बसल्या की पोत्यांपेक्षा चांगलं काम होतं. गल्लीतल्या प्रत्येक बाईकडे एक तरी विरलेलं लुगडं असतं. मी इथून दोन गोधड्या पाठवते आहे, पॅसेंजरने मुलगा घेऊन येईल. त्या दाराच्या फटीला लाव.

दुसरी गोष्ट तुला जास्त जड जाणार आहे. भाऊजींसमोर बस आणि सांग. रडू नकोस, टोमणा मारू नकोस, मला जसं पत्रात लिहिलंस तसं सांग. त्यानंतरही त्यांनी मिरची आत घातली तर प्रोजेक्टर माझ्याकडे पाठव, मी तुझ्यासाठी चिंचपाड्याला खोली काळी करते.

तुझी,
प्रिस्किला

नंदुरबार
१४ ऑक्टोबर २०२४

प्रिय प्रिस्किला,

पहिली गोष्ट त्याच दिवशी केली. गल्लीत निरोप फिरला आणि संध्याकाळपर्यंत माझ्या ओट्यावर साड्यांचा ढीग. सगळ्या गरम पाण्यातून काढल्या, दोनदा उन्हात घातल्या. मोगराबाईने पोत्यांचा अनुभव घेतलेला, ती प्रत्येक घडी नाकाला लावून, जोरात श्वास ओढून मगच आत भरायची. टाळी वाजवली, नुसता टप् असा आवाज आला आणि संपला.

दुसरी गोष्ट करायला दसऱ्याचा आदला दिवस उजाडला. हे बैठकीत एकटेच होते, नवल म्हणायचं. मी चहा दिला आणि नेहमीसारखी आत न जाता समोर बसले. म्हटलं, "नातवंडांचं मी खोटं सांगितलं होतं. थेटर मला माझ्यासाठी हवं होतं. मी आजवर एक सिनेमा पूर्ण पाहिलेला नाही." त्यांना आधी ते खरंच वाटेना. "काय बोली ऱ्हायनी? लगीन नंतर आपन गयथूत ना थेटरमा?" मी म्हटलं, गेलो होतो. मध्यंतरात तुम्हाला डेपोतले दोघे भेटले. तुम्ही म्हणालात, चला घरी, चहा घेऊ. मी घरी येऊन चहा केला. त्या सिनेमात नायकाचा हरवलेला भाऊ परत आला की नाही, ते मला अजून माहीत नाही.

प्रिस्किला, त्यांनी ऐकून घेतलं. कपातला चहा तसाच ठेवला, खांद्यावरचा रुमाल झटकला आणि बाहेर निघून गेले. तुझ्यावर इतका राग आला मला. वाटलं, बोलायला लावलं आणि होतं नव्हतं तेही घालवलं.

दसऱ्याला सकाळी पूजा झाली आणि टेम्पो आला. मी मागे खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले. अडवायचं असं काही ठरवलं नव्हतं, नुसती उभी राहिले. पण हमाल मागे आलेच नाहीत. आवाज पुढूनच येत होता. जाऊन बघते तर ह्यांनी बैठकीतल्या खुर्च्या, दिवाण, टीव्हीसुद्धा बाहेर काढला होता आणि पोती बैठकीत लावून घेत होते. त्यांची बैठक! जिथे बसून त्यांनी आयुष्यभर माणसं जमवली, तिथे छतापर्यंत मिरची. शेठ म्हणाले, "पितांबर भाऊ, लोके कोठे बठतीन आते?" तर म्हणाले, "तुले शब्द दिना व्हता ना, जागा देसू म्हनीसन? दिनी. ती खोली तिन्ही शे." एवढंच बोलले आणि हमालांना पाणी द्यायला स्वतः गेले.

मी आत जाऊन देवापुढे उगाच उभी राहिले थोडा वेळ. ह्या माणसाबरोबर इतकी वर्षं काढली आणि मला तो पुरता माहीत नव्हता, याचं मला वाईट वाटलं आणि फार फार बरंही वाटलं.

काल रविवारी दुपारी सिनेमा लावला. या वेळी फक्त बायका. सीटा भरल्या, उरलेल्या तुझ्या गोधडीवर बसल्या, कारण दोन आल्या त्यांपैकी एक दाराला पुरली. विनोदी वगैरे काही नाही, चांगला लांबलचक, भांडणाचा, प्रेमाचा, कोर्टकचेरीचा सिनेमा निवडला. मी मधोमध बसले. वूफर धडधडला तेव्हा सगळ्याजणींनी एकदम नाकाला पदर लावला, मग हळूहळू काढला.

मध्यंतर झालं, गेलं. नायिका कोर्टात उभी राहिली आणि नेमकी तेव्हाच अंगणात चपलांची फरफट. आमच्या नणंदेचे यजमान होते, दोघे पाहुणे घेऊन दसऱ्याचं सोनं द्यायला आले होते. आवाजावरून ओळखलं. आणि मी उठले गं. काही विचार न करता उठले, पदर खोचला, अर्धी ओळ ओलांडून गेलेसुद्धा. मोगराबाईने माझं लुगडं धरलं, "माय, कोठे चालनी? बठ ना!" तेवढ्यात दाराबाहेर ह्यांचा आवाज ऐकू आला. "आते नही. आतमा सिनेमा चालू शे, ती उठाव नही. तुम्ही ओटावर बठा, चहा मी टाकस."

खोलीत बायकांचं हसू फुटलं, मग पडद्यावर वकील ओरडला तशा सगळ्या गप्प झाल्या. मी परत जागेवर येऊन बसले. स्वयंपाकघरात भांडी पडल्याचा आवाज आला, साखरेचा डबा कुठे आहे हे त्यांना माहीत असण्याचं काही कारण नव्हतं. मी मान वळवली नाही. निकाल लागला, नायिका पायऱ्या उतरून एकटीच बाहेर आली, उन्हात थांबली, आणि हसली. मग पडदा काळा झाला.

मला वाटलं, झालं. मी लाइट लावायला हात पुढे केला, तर पडद्यावर खालून अक्षरं वर यायला लागली. नावं. टीव्हीवर सिनेमा संपला की लगेच जाहिरात लागते, त्यामुळे आम्हा कोणालाच हे ठाऊक नव्हतं. दिवे धरणाऱ्यांची नावं, कपडे शिवणाऱ्यांची, गाड्या चालवणाऱ्यांची, जेवण करणाऱ्यांची सुद्धा. इतकी माणसं लागतात गं एका सिनेमाला! ज्यांना वाचता येतं त्या मोठ्याने वाचायला लागल्या, बाकीच्या ऐकत होत्या. एकही उठली नाही.

दार थोडं किलकिलं झालं. हे उभे होते, हातात ट्रे, कपांतला चहा बशांत सांडलेला. हळूच विचारलं, "संपना का?"

मी म्हटलं, "नही. नावं चालू शेतस."

तर ते तसेच दारात थांबले, चहा निवेपर्यंत, शेवटचं नाव वर जाईपर्यंत.

तुझी,
शांती